दाबोळीला उतरणारे, चोर्ल्यातून उतरणारे

१९८७ साली गोव्यात दोन गोष्टी घडल्या. ३० मे रोजी गोवा घटकराज्य झालं, आणि त्याच वर्षी जर्मनीच्या कॉन्डॉर कंपनीचं चार्टर विमान पर्यटक घेऊन थेट दाबोळी विमानतळावर उतरलं. त्या पर्यटकांचं स्वागत ‘जागृत गोंयकारांची फौज’ या संघटनेच्या कार्यकर्त्यांनी शेण फेकून केलं. सोबत पत्रकंही वाटली. त्यांचा राग पाहुण्यांच्या गोऱ्या कातडीवर नव्हता. किनाऱ्यावरची हॉटेलं गावच्या विहिरींचं पाणी ओढणार, रापणकार मच्छीमारांची होडी लावायची जागा जाणार, पैसा बाहेर जाणार आणि कचरा गावात राहणार, असं त्यांचं म्हणणं होतं.

आज त्याच गोव्याचं पर्यटन खातं लंडन, बर्लिन आणि मॉस्कोच्या पर्यटन मेळ्यांत मंडप लावून परदेशी पाहुण्यांना बोलावतं आहे. दर डिसेंबरात वर्तमानपत्रांतून आणि मोबाइलवर रिकाम्या किनाऱ्यांचे फोटो फिरतात, परदेशी माणसाने गोव्याकडे पाठ फिरवली असं कुणी लिहितं, आणि सरकार तातडीने आकडे घेऊन खुलासा करतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर समाजमाध्यमावरच्या अशाच एका मजकुरावरून पर्यटन खात्याने थेट पोलिसांत तक्रार दिली होती.

परदेशी माणसाचं गोव्यावरून मन उडालं आहे का? लातूर-नांदेडच्या वाचकाला हा प्रश्न लांबचा वाटेल. पण गोव्याच्या किनाऱ्यावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत जे बदललं त्यात लातूर-नांदेडही आहे, आणि पुढे जे बदलायचं आहे त्यासाठीच्या महामार्गाची मोजणी याच दोन जिल्ह्यांच्या शिवारांत पोचली आहे.

आधी आकडे पाहू, कारण या वादात ते सगळ्यात कमी पाहिले जातात. गोवा सरकारच्या नोंदींनुसार २०१९ मध्ये ९ लाख ३७ हजार परदेशी पर्यटक आले. कोविडमध्ये सगळं बंद पडलं. २०२३ मध्ये आकडा साडेचार लाखांवर आला आणि २०२४ मध्ये ४ लाख ६७ हजारांवर. म्हणजे जेमतेम निम्मे. इथवर सगळे सांगतात. पण तीच नोंदवही मागे उलगडली तर २०१२ मध्येही परदेशी पर्यटक साडेचार लाखच होते आणि २०१४ मध्ये पाच लाखांच्या थोडे वर. नऊ लाखांचा तो शिखराचा काळ दोन-तीन वर्षांचाच होता. २०१२ च्या मानाने परदेशी माणूस कमी झालेला नाही. त्याच्या आजूबाजूची गर्दी बदलली. २०१२ मध्ये देशी पर्यटक २३ लाख होते, २०२४ मध्ये ते ९९ लाख झाले. १९८५ मध्ये गोव्याच्या पाहुण्यांत आठातला एक परदेशी होता. २००० साली जवळजवळ चारातला एक आणि २०१२ मध्ये सहातला एक. २०२४ मध्ये बावीस माणसांत एखादा.

गोव्याचा हा परदेशी पाहुणा मुळात आला कसा, हे पाहिल्याशिवाय शिखरानंतर तो का कमी झाला हे कळणार नाही.

१९५४-५५ पासून गोवा भारतीयांसाठीच बंद होता. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात पोर्तुगीज पोलिसांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. पेडण्याच्या सीमेवर पत्रादेवीला पंजाबच्या इस्रू गावचा कर्नेलसिंग बेनिपाल हा तरुण तिथेच पडला. त्यानंतर भारताने सीमा बंद केली, व्यवहार तोडले. मुंबई-पणजी बोटही थांबली. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या राजवटीतून सुटला आणि गोवा १९ डिसेंबर १९६१ ला. मुंबई-कोकणच्या अनेक घरांना मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा या कुलदैवतांमुळे गोव्याची वाट माहीत होती. मराठवाड्याचं तसं नव्हतं. इथल्या बहुतेक घरांचे देव तुळजापूर, माहूर, अंबाजोगाई, जेजुरीचे. त्यामुळे मुक्तीनंतरही कित्येक वर्षं उस्मानाबाद जिल्ह्यातल्या किंवा नांदेडच्या माणसाला गोव्याला जायला निमित्तच नव्हतं. लातूर तेव्हा स्वतंत्र जिल्हा नव्हता, तो १९८२ साली झाला.

त्या रिकाम्या किनाऱ्यावर आधी पोचले ते हिप्पी. इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली अशी बसने आणि मिळेल त्या वाहनाने येणारी ही तरुण पोरं हिवाळ्याला मुंबईहून बोटीने पणजीला उतरायची. त्यांच्यातला सगळ्यात नावाजलेला यर्टवर्ड मझमानियन, अमेरिकेतल्या आर्मेनियन कुटुंबातला, १९२४ चा जन्म. उजव्या हाताला तीनच बोटं, म्हणून सगळे त्याला ‘एट फिंगर एडी’ म्हणत. तो साठच्या दशकाच्या मध्यावर कोलव्याला आला, मग हणजुण्याला. वाटेत पैसे संपलेल्या प्रवाशांना तो फुकट जेवू घालायचा. घरी परतायला तिकिटाचे पैसे हवेत म्हणून हिप्पी आपापले कॅमेरे, रेडिओ, कपडे वाळूत चादर टाकून विकत, आणि हणजुण्याच्या बुधवारच्या बाजाराची सुरुवात तिथून झाली. एडी २०१० मध्ये गोव्यातच वारला.

हिप्पींना आज फार रोमँटिक रंगात रंगवतात. गावकऱ्यांचं त्यांच्याशी नातं बरंचसं व्यवहाराचं होतं. सत्तरच्या दशकात यांत्रिक ट्रॉलर आले आणि किनाऱ्यालगतची मासळी खरडून जाऊ लागली. रापणकारांनी त्याविरुद्ध मोठं आंदोलन केलं. ज्या घरात मासळीचा पैसा आटला, त्या घराला एका खोलीचं भाडं हा आधार होता. नारळाच्या झावळ्यांचं छप्पर, बांबूचे खांब, चार बाकं आणि तळलेले मासे, इतकंच पहिल्या शॅकचं रूप. आजही शॅकला परवानगी फक्त सीझनपुरती असते आणि पावसाळ्याआधी ती मोडून न्यावी लागते.

१९७९ मध्ये इराणमध्ये क्रांती झाली आणि त्याच डिसेंबरात सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या. जमिनीवरची ती वाट बंद झाली. परदेशी माणूस गोव्यातून ‘गेला’ असं म्हणावं अशी ही पहिली वेळ, आणि त्यात गोव्याचा काही दोष नव्हता. पुढेही हेच होत राहिलं. म्हणून दर वेळी ‘गोव्याची भुरळ संपली’ असं जाहीर करणाऱ्यांनी आधी विमानाचं वेळापत्रक, व्हिसाचे नियम आणि चलनाचा भाव पाहायला हवा. माणसाचं मन बदलायला जितका वेळ लागतो, त्याच्या आत या गोष्टी बदलतात.

हिप्पींच्या जागी पैसेवाला पाहुणा आणायचा हे सरकारने पक्कं केलं होतं. १९७४ मध्ये सिकेरीच्या आग्वाद किल्ल्यात ताजचं हॉटेल उघडलं. नोव्हेंबर १९८३ मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल परिषद भरली तेव्हा इंदिरा गांधींनी मार्गारेट थॅचरसह सगळ्या राष्ट्रप्रमुखांना दोन दिवस विश्रांतीला इथेच नेलं. जगभरच्या वर्तमानपत्रांत गोव्याचा किनारा झळकला. याच इंदिरा गांधींनी १९८१ मध्ये किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून भरतीरेषेपासून ५०० मीटरच्या आत बांधकाम नको असं बजावलं होतं, हेही सांगायला हवं. १९९१ च्या किनारा नियमावलीचं मूळ त्या पत्रात आहे. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या गोवा फाउंडेशनने पुढे याच नियमांच्या आधारे कोर्टात एकामागून एक याचिका लढवल्या.

राष्ट्रकुल परिषदेनंतर चार वर्षांनी चार्टर आलं. विमान, हॉटेल, सकाळचा नाश्ता सगळं एकाच किमतीत, मुक्काम दोन आठवडे. ब्रिटनचे पेन्शनर वर्षानुवर्षं कांदोळी-कळंगुटच्या त्याच गेस्ट हाउसमध्ये, कित्येकदा त्याच खोलीत उतरायचे. शॅकवाल्याच्या पोरांची नावं त्यांना तोंडपाठ असत, आणि पुढच्या सीझनला येताना त्यांच्यासाठी लंडनहून चॉकलेटं यायची. नव्वदच्या दशकात सोव्हिएत संघ मोडला, आणि पुढच्या दशकात रशियन आले. मोरजी-हरमलच्या दुकानांच्या पाट्या आणि शॅकची मेन्यूकार्डं रशियन लिपीत लागली. २७ नोव्हेंबर २०१४ पासून भारताने रशिया-जर्मनीसह काही देशांना ई-व्हिसा दिला, त्यात दाबोळी विमानतळ होतं. शिखराचा आकडा त्यातून आला.

मग एकेक दार बंद होत गेलं. रूबल तर २०१४ च्या अखेरीसच कोसळला होता. २३ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनची १७८ वर्षं जुनी थॉमस कुक कंपनी दिवाळखोरीत निघाली. ब्रिटिश चार्टरचा मोठा भाग तिच्याकडे होता, सीझन तोंडावर आलेला, आणि कांदोळीतल्या हॉटेलवाल्यांची बुकिंगं एका रात्रीत गेली. सहा महिन्यांनी कोविड आला. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर हल्ला केला. कोविडनंतर ब्रिटिशांचा ई-व्हिसा डिसेंबर २०२२ पर्यंत बंदच होता. थायलंड, व्हिएतनाम, श्रीलंका हे देश याच काळात हात जोडून उभे होते.

हे सगळं बाहेरचं. गोव्याच्या आतलंही आहे, आणि ते झाकून चालणार नाही. विमानतळावरून हॉटेलला जायचं टॅक्सीभाडं हा परदेशी आणि देशी दोघांच्याही तक्रारींतला पहिला विषय. गोव्यात ओला-उबर चालत नाहीत. २०१८ मध्ये ‘गोवा माइल्स’ ही अॅपची टॅक्सी आली तेव्हा स्थानिक टॅक्सीवाल्यांनी तिला कडाडून विरोध केला. टॅक्सीवाल्याचं गणितही समजून घ्यायला हवं. त्याची कमाई चार-पाच महिन्यांच्या सीझनवर चालते आणि उरलेलं वर्ष गाडी दारात उभी असते. पण रात्री दोनला उतरलेल्या पाहुण्याला ते गणित पटत नाही. त्यात सुरक्षेचा प्रश्न. २००८ मध्ये हणजुण्याला एका ब्रिटिश मुलीचा आणि २०१७ मध्ये काणकोणला एका आयरिश तरुणीचा बळी गेला, तेव्हा युरोपातल्या वर्तमानपत्रांनी ते महिनोन्महिने लावून धरलं. डिसेंबर २०२५ मध्ये हडफड्याच्या एका नाइटक्लबला मध्यरात्री आग लागून २५ माणसं गेली. त्यांतले बहुतेक उत्तराखंड, झारखंड, आसाम, नेपाळहून पोट भरायला आलेले तिथलेच कामगार होते. गोव्याच्या मजेचा भार कोण उचलतं, हे त्या यादीतून कळलं.

अशीच पोटासाठी आलेली माणसं किनाऱ्यावर चाळीसेक वर्षांपासून दिसतात. त्यांत लमाणी बायका आहेत, गदग, कोप्पळ, विजापूरकडच्या. नांदेडच्या किनवट-माहूरच्या किंवा लातूरच्या तांड्यांवर जो भरजरी घागरा आणि आरसे लावलेली कांचळी आता लग्नकार्यालाच पेटीतून निघते, त्याच कशिद्याचे तुकडे हणजुण्याच्या बाजारात पिशव्या, उशांचे अभ्रे आणि भिंतीवर टांगायच्या चादरी होऊन विकले गेले. एका हातभर तुकड्यात काळ्या-लाल कापडावर बारीक टीप, मध्ये आरसे, कडेला कवड्या, कोपऱ्यात शिवलेलं जुनं नाणं. आजीच्या अंगावरचा घागरा कापून तो तयार झालेला असायचा. जुनं कापड संपलं तसा मशीनचा माल आला. या बायका गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे पाहून इंग्रजीत, रशियनमध्ये, हिब्रूत भाव सांगायला शिकल्या. दोन आठवडे राहणारा परदेशी माणूस रोज त्याच वाळूवर बसायचा आणि चौथ्या दिवशी काहीतरी घ्यायचाच. तीन दिवसांत चार किनारे, दोन चर्च आणि एक बोट उरकणाऱ्या देशी पाहुण्याला बसायला वेळ नसतो. ‘परदेशी कमी झाले’ याचा फटका सगळ्यात आधी या लमाणी बाईला बसतो.

तो तीन दिवसांचा पाहुणा कोण? त्यात मराठवाडा मोठ्या संख्येने आहे. कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली, पण तिचा फायदा मुंबईला. मराठवाड्याला गोवा जवळ केला तो रस्त्यांनी, स्लीपर ट्रॅव्हल्सनी आणि घरोघरच्या चारचाकीने. लातूरहून पणजी पाचशे किलोमीटरच्या आसपास. संध्याकाळी निघायचं, सोलापूर ओलांडायचं, बेळगावमार्गे चोर्ला घाट नाहीतर कोल्हापूरमार्गे आंबोली उतरायची, आणि सकाळी म्हापशाला चहा. २००१ च्या ‘दिल चाहता है’ या सिनेमाने शापोऱ्याचा पडका किल्ला दाखवला आणि एका पिढीच्या डोक्यात मित्रांबरोबरची गोव्याची सहल पक्की केली. क्लासेसच्या वर्षांतून सुटलेली पोरं, दुकान चार दिवस बंद ठेवून निघालेले आडत बाजारातले मित्र, नव्या लग्नाची जोडपी, आई-वडिलांना समुद्र दाखवायला आणणारी नोकरदार मुलं, ही सगळी त्या ९९ लाखांत आहेत. ज्यांच्या वडिलांनी समुद्र पाहिला नव्हता ती माणसं समुद्राला येतात, यात वाईट काहीच नाही. समाजमाध्यमांवर त्यांच्या कपड्यांची आणि भिजण्याची जी टवाळी होते, ती हीन आहे. मोरजीला जिथे रशियन पाटी होती तिथे ‘शुद्ध शाकाहारी’ची पाटी लागली म्हणून गोवा बिघडला, असं म्हणणाऱ्यांना बहुधा गोव्याची नाही, गोऱ्या पाहुण्याची चिंता असते.

पण संख्येचा प्रश्न खरा आहे, आणि तो लातूरकराइतका दुसऱ्या कुणाला कळणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन ‘जलदूत’ रेल्वे लातूरला आली होती. टँकरची वाट पाहणं म्हणजे काय, हे या शहराने भोगलं आहे. किनाऱ्यावरची हॉटेलंही टँकरवर चालतात आणि ते टँकर मागच्या गावांतल्या विहिरींवर भरतात. जागृत गोंयकारांची फौज १९८७ मध्ये हेच सांगत होती. तेव्हा वर्षाला आठ-दहा लाख पर्यटक होते, आज एक कोटी आहेत, आणि राज्याची लोकसंख्या पंधरा-सोळा लाख. पाहुणा जर्मन आहे की जालन्याचा, याने विहिरीला फरक पडत नाही.

मराठवाड्याला स्वतःचा परदेशी पाहुणाही माहीत आहे. अजिंठा-वेरूळसाठी जपानने १९९२ पासून कर्ज दिलं आणि लेणी पाहायला जपानी येत राहिले, पण अजिंठ्याचा रस्ता वर्षानुवर्षं उखडलेला राहिला आणि त्यांची वर्दळ आटली. नांदेडची गोष्ट वेगळी. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये इथे देह ठेवला, १८३२ ते १८३७ या काळात महाराजा रणजितसिंगांनी सचखंड उभारला, आणि २००८ च्या गुरुतागद्दी सोहळ्यानिमित्त शहराला रस्ते आणि विमानतळ मिळालं. ब्रिटन-कॅनडातल्या शीख कुटुंबांतली तिसरी पिढी आज हुजूर साहिबला येते, लंगरमध्ये जमिनीवर बसून जेवते, भांडी घासते. २०१७ च्या डिसेंबरात सुरू झालेलं नांदेड-अमृतसर विमान पुढे अनेकदा बंद पडलं, तरी ही माणसं हैदराबादहून गाडी करून आली. रूबल पडला म्हणून किंवा पॅकेज महागलं म्हणून इथली रांग तुटत नाही. गोव्यालाही असा एक पाहुणा आहे. सेंट झेवियरचं शव दर दहा वर्षांनी दर्शनाला ठेवतात आणि नोव्हेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ मध्ये जगभरचे भाविक जुन्या गोव्यात आले. त्यांना बागा किनाऱ्याच्या गर्दीचा त्रास झाला नाही.

म्हणून परदेशी परत कसा आणायचा, हा गोव्यापुढचा मोठा प्रश्न नव्हे. चार्टर वाढतील, कमी होतील. डिसेंबर २०२२ मध्ये मोपाच्या नव्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि विमानं उतरवायची जागा वाढली. आता जमिनीवरून येणारी वाटही रुंद होते आहे. वर्ध्याच्या पवनारपासून गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीपर्यंत ८०२ किलोमीटरचा शक्तिपीठ महामार्ग सरकारने आखला. नागपूर-गोवा अठरा तासांचा प्रवास आठ तासांत, असं त्याचं सांगणं. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही शक्तिपीठं त्याच्या वाटेवर आहेत, नांदेडचा गुरुद्वारा आहे, औंढा नागनाथ आहे, आणि शेवटचा थांबा गोवा. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भूसंपादनासाठी वीस हजार कोटींहून जास्त रकमेला मान्यता दिली. बारा जिल्ह्यांची जमीन त्यात जाते. कोल्हापूरचा विरोध राज्यभर गाजला, पण विरोध मराठवाड्यातही आहे. नांदेडच्या अर्धापूरची ओलिताखालची, केळीची काळी जमीन आणि लातूरची सोयाबीन-ऊसाची शिवारं या आखणीत येतात. तिथल्या शेतकऱ्यांनी मोजणीला हरकत घेतली, निवेदनं दिली, रस्त्यावर उतरले. त्यांचा मुद्दा सरळ आहे. नागपूरहून यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, कोल्हापूर असा रत्नागिरीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग याच पट्ट्यातून गेला आहे, त्यासाठी जमिनी एकदा देऊन झाल्या आहेत, आणि देवदर्शनाला किंवा गोव्याला जायला तो रस्ता पुरतो.